घुडे गुरुजींचा टायर

खाली बियाण्यांचं दुकान,
म्हणून खोली नंबर तीनमध्ये रात्रभर
युरियाचा वास आणि भेंडीची हिरवीगार स्वप्नं.
मुरबाड स्टँडसमोरचं लॉज. चार रात्री, पैसे आगाऊ.
"डोंगराला?" मालकानं विचारलं,
दवाखान्यात विचारतात ना, "पोटाला?", तसं.
"डोंगराला," मी म्हटलं.
येण्याचं कारण, या रकान्यात
त्यानं जपून लिहिलं: डोंगर.

पहिल्या दिवशी नाणेघाट.
चढताना काही नाही.
उतरताना उजव्या बुटाचा तळ सुटला
आणि वैशाखऱ्यापर्यंत
दर पावलाला टाळी वाजवत आला.
जीपमधल्या बाया आधी माझ्या पायाकडे बघत,
मग तोंडाकडे,
मग पदराआड.

दुसरा दिवस बाजाराचा.
सुकट, जवळा, बोंबलांच्या जुड्या,
एकीत एक बसवलेल्या बादल्यांचे मनोरे,
कुदळींचे दांडे, लग्नाचे फेटे,
बुधी मेंगाळ पळसाच्या पानावर उकडलेले करांदे मांडून.
तिचं नाव मी विचारलं, तिनं माझं विचारलं नाही.
दोन करांदे जास्तीचे मात्र टाकले.

बँकेच्या पाटीखाली शिवदास.
बकरीचा खूर बघावा तसा
त्यानं बूट उलटा केला, वाकवला, हुंगला म्हणा ना.
"हा चिकटवून नाही राहायचा."
मागून अर्धा टायर ओढला.
"घुडे गुरुजींच्या स्कूटरचा.
गुरुजी गेले, स्कूटर भंगारात गेली,
हा मी ठेवून घेतला.
मुरबाड ते सरळगाव, सरळगाव ते मुरबाड.
सत्तावीस वर्षं.
पुढं कधी नेली नाही त्यांनी."
"का?"
आरी दातात होती, त्यामुळे उत्तर नाही.
मग म्हणाला, "एकाच पायाला लावला तर चाल फसेल. दोन्हींना मारतो."
एकशे साठ रुपये. घासाघीस नाही.

तिसऱ्या दिवशी गोरखगड.
म्हसा, नारिवली, मग देहरी,
तिथून पुढे आपले पाय.
थंडी अजून गवतात बसलेली.
कातळातल्या पायऱ्या अशा उभ्या
की समोरची पायरी आणि माझं नाक
यांत बोलण्याइतकंच अंतर.
त्या पायऱ्यांवर तो टायर असा धरून बसायचा,
जसं वर्गातलं सगळ्यात हुशार नसलेलं पोर
बाकाची कड धरून बसतं.
गुहेसमोर पानं झडलेला चाफा.
वर महादेव, वारा,
सिद्धगड हाताच्या अंतरावर, पण कुणाच्या हाताच्या.
मुरबाड शोधलं.
एक राखाडी पट्टा होता,
त्यातलं बाजार कुठलं, लॉज कुठलं,
काही कळलं नाही.

खरं ते उतरताना दिसलं.
पायऱ्या संपून धूळ सुरू झाली तिथं
माझी सकाळची पावलं:
पावलं नव्हेत, टायरच्या खुणा,
तुटक, हातभर अंतरानं,
जणू कुणी स्कूटर कडेवर घेऊन
टेकवत टेकवत वर नेली.
खाली शेळ्यांचं पोर विचारत होतं,
"गाडी गेली का वर?"
"गेली," मी म्हटलं.
आणि वर गेलेल्या खुणा पुसू नयेत म्हणून
कडेच्या करवंदीतून, ओरखडे घेत, उतरले.
असं का केलं, मला विचारू नका.

संध्याकाळी बँकेखाली शिवदास नव्हता.
आज दुसऱ्या गावचा बाजार.
मग लॉजच्या मालकालाच सांगितलं सगळं.
त्याला चौथीत गणित गुरुजींनीच शिकवलेलं.
ऐकलं त्यानं, चहा मागवला, बशीत ओतला.
"सरळगावच्या पुढं चढ आहे," तो म्हणाला,
"आणि गुरुजींचा पहिला गिअर पडत नव्हता."
फुंकर मारली.
"दुरुस्त करू करू म्हणायचे."

चौथ्या दिवशी कुठेच गेले नाही.
खिडकीत बसून बाजार नसलेला बाजार बघितला.

आता ऐरोलीत
लिफ्टच्या पांढऱ्या फरशीवर तांबडी नक्षी आहे.
सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी चिडून विचारतायत:
लिफ्टमधून स्कूटर सहाव्या मजल्यावर कोणी नेली?
मी अजून उत्तर दिलेलं नाही.